नोंदणी विवाह : सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

माझ्या मुलीने आणि होणाऱ्या जावयाने नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले आहे. मुलगी साताऱ्याची, मुलगा सांगलीचा, आणि दोघेही पुण्यात नोकरीला आहेत. कार्यालय, आचारी, मानपान, आहेर यांपैकी काहीही नको असे दोघांचे म्हणणे असून दोन्ही घरांची त्याला हरकत नाही. परंतु आमच्या घराण्यात असे लग्न यापूर्वी कोणी केलेले नसल्यामुळे काय, कोठे आणि किती आधी करायचे हे सांगणारे वडीलधारे माणूस नाही. ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सांगली, विश्रामबाग

ताई, आमची पहिली चूक ‘कोर्ट मॅरेज’ या शब्दामुळे झाली. आम्ही खरोखरच कोर्टात गेलो. तेथे फाटकापाशी भेटलेल्या एका गृहस्थांनी ‘उद्याच लग्न लावून देतो’ असे सांगून मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून देण्याचा प्रस्ताव मांडला. माझ्या मोठ्या दिरांना वेळीच शंका आली म्हणून बरे, कारण नोटरीसमोर केलेल्या अशा कागदाने लग्न होतच नाही. हे लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर होते आणि आपल्याकडे तो अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात बसतो.

आता आपल्या मुलीच्या बाबतीतला खरा पेच सांगते. लग्न करणार असल्याची नोटीस विवाह अधिकाऱ्याला ज्या जिल्ह्यात द्यायची, तेथे वधू-वरांपैकी एकाचे तरी नोटीशीच्या लगेच आधीचे तीस दिवस वास्तव्य असावे लागते. दोघेही पुण्यात राहत असतील तर नुसते साताऱ्याचे रेशनकार्ड आहे म्हणून साताऱ्यात नोटीस देता येणार नाही; एकाला महिनाभर घरी येऊन राहावे लागेल, नाहीतर सरळ पुण्यात नोटीस द्यावी. नोटीस लागल्यावर पुढे तीस दिवस थांबायचे. नोटीशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले नाही तर ती बाद होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. आम्ही अक्षय्य तृतीया आधी धरली आणि मग उलटे दिवस मोजत बसलो. शेवटी मुहूर्त आठ दिवसांनी हुकला. त्यामुळे तारीख आधी न ठरवता आधी नोटीस द्यावी, मग तारीख.

कराड

आमचा विवाह आंतरजातीय. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडेही लावली जाते, ही गोष्ट घरी सांगण्यापूर्वी लक्षात घ्यावी. आमच्या दूरच्या एका नातेवाइकांनी स्वतःच्या जमिनीच्या कामासाठी गेलेले असताना ती वाचली आणि आम्ही बोलायच्या आत गावभर झाले. तो महिना आम्हाला फार जड गेला. नंतर कळले की आक्षेप कोणीही नोंदवू शकतो, पण तो कायद्यातील अटींवरच टिकतो: आधीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे (मुलगा २१, मुलगी १८), संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नसणे, किंवा निषिद्ध नाते. ‘जात वेगळी आहे’ हा आक्षेपच नव्हे, हे आम्हाला आधी ठाऊक असते तर निदान रात्रीची झोप तरी लागली असती. दोघांपैकी एकजण अनुसूचित जाती-जमातीचा किंवा भटक्या-विमुक्त प्रवर्गातला असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आंतरजातीय विवाहाच्या ५०,००० रुपयांच्या साहाय्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागतेच.

तासगाव तालुका

निषिद्ध नात्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत घरोघरी आहे, मात्र विशेष विवाह कायद्याच्या यादीत मामेबहीण आणि आतेबहीण दोघीही आहेत. रूढीचा अपवाद आहे, तरी त्याची वाट वाकडी आहे. म्हणून आम्ही घरच्या अंगणात पाच-पंचवीस माणसांत अक्षता टाकून विधी केले आणि नंतर ग्रामपंचायतीत नोंदणी केली. ही नोंदणी वेगळ्या कायद्याखालची, १९९८ च्या, आणि ती झालेल्या लग्नाची असते. हे दोन प्रकार लोक नेहमी एकमेकांत मिसळतात.

कुंडल परिसर, निवृत्त शिक्षक

साधे लग्न ही पुण्या-मुंबईची टूम आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच आज्यांना विचारावे. सांगली जिल्हा वेगळा होण्यापूर्वी यातला बराच भाग सातारा जिल्ह्यात होता आणि इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात येथे ‘गांधी लग्ने’ लागत. माझ्या आजीचे तसेच लागले. सुताचे हार, हुंडा नाही, वाजंत्री नाही. ‘माझ्या लग्नात जेवण नव्हतं, भाषणंच होती,’ असे ती शेवटपर्यंत थोड्या तक्रारीनेच सांगत असे.

वाई

प्रत्यक्ष दिवसाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. जन्मतारखेचा दाखला, रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे आणि तिन्ही साक्षीदारांची ओळखपत्रे मूळ प्रतींसह न्यावीत, आणि सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना हे आदल्या आठवड्यातच पाहावे. मी हौसेने दोन्ही हातांना मेंदी काढली होती. अंगठ्याचा ठसा घेताना यंत्राला माझा अंगठा पटेना; रुमालाने पुसून, फुंकर घालून, चौथ्या खेपेला तो उमटला आणि मागे रांगेत खरेदीखतासाठी थांबलेल्या एका आजोबांनी टाळी वाजवली. त्यानंतर अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचे मराठीतच म्हटले, सह्या झाल्या, आणि सासूबाईंनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढून आधी त्या आजोबांना दिला. सगळे मिळून अर्धा तास.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी महिनाभर साताऱ्याला राहून घरूनच काम करणार आणि नोटीस येथेच देणार, असे काल ठरले. मेंदी एका हातालाच. दोन साक्षीदार निश्चित झाले आहेत. तिसऱ्या सहीवर मुलीची आत्या आणि मामा या दोघांचाही दावा असून ते प्रकरण अद्याप सुनावणीत आहे.