मदत हवी आहे: मलावीत मलेरिया उलटला, आता गोळी कोणती?

आमच्या नवापूरच्या मंडळीचा सुवार्तिक मलावीच्या उत्तर भागात सेवेला आहे. वय 34, वजन 58 किलो. फॅल्सिपेरम मलेरिया झाला. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचे सहाही डोस (0, 8, 24, 36, 48, 60 तास; दर वेळी 4 गोळ्या) पूर्ण घेतले, उलटी नाही. पण घेतले कोऱ्या चहाबरोबर! स्निग्ध खाण्याशिवाय ल्युमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही, गोम बहुधा तिथेच. सतराव्या दिवशी पुन्हा हुडहुडी.

पट्टीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण ती बरं झाल्यावरही काही आठवडे तशीच दाखवते. म्हणून काचेवर रक्त तपासलं, तर जंतू दिसले. शुद्ध नीट, लघवीचा रंग साधा, हिमोग्लोबिन 9.8. आपल्याकडे पहिला प्रश्न सिकलसेलचा येईल: जाण्याआधी तपासलंय, एए आहे, म्हणजे सिकलसेल नाही.

दवाखाना तीच गोळी पुन्हा देतोय. 28 दिवसांच्या आत उलटला तर दुसरं औषध हवं. तिकडे ते आर्टेसुनेट-अमोडियाक्विन. ते जिल्हा रुग्णालयात, 40 किमीवर, आणि रात्री गाडी नसते.

तिकडे सेवा केलेल्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगा: तीच गोळी दूध-शेंगदाण्यांबरोबर लगेच सुरू करावी, की अंधार पडण्याआधी जिल्ह्याला हलवावं?