दोनदा लग्न लावता येणार नाही
एक जोडीदार कॅथलिक आणि दुसरा प्रोटेस्टंट असला की "सकाळी कॅथलिक चर्चमध्ये, संध्याकाळी प्रोटेस्टंट चर्चमध्ये लग्न लावा, म्हणजे दोन्ही घरं खूश" असं कुणीतरी सुचवतंच. ते जमणार नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात (कलम ११२७) लग्नाच्या शपथा दोनदा घ्यायला मनाई आहे. कॅथलिक बिशपांची सूट आधी मिळवलीत तर एकच विधी प्रोटेस्टंट पास्टरांसमोर होऊ शकतो, कॅथलिक फादर येऊन प्रार्थना म्हणू शकतात. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून शक्य ते सगळं करण्याचं वचन फक्त कॅथलिक जोडीदाराने द्यायचं. दुसऱ्याला त्या वचनाची नुसती कल्पना द्यायची असते. (यावरून उगाच रडारडी होते.)

आणि लग्नात मिस्सा (कॅथलिकांची पूर्ण उपासना) ठेवू नका. आमच्या लग्नात ठेवली, तर कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी, ती सहसा कॅथलिकांनाच देतात म्हणून, सासरची अख्खी प्रोटेस्टंट मंडळी बाकावर बसून राहिली. सासूबाई तेवढा वेळ पर्सची चेन उघडत-मिटत होत्या.