अभ्यासिकेच्या संगणकांना लॉगिनचा पासवर्ड हवाच कशाला?

गोदाकाठ: पंचवटीतल्या आमच्या अभ्यासिकेत जुने डेस्कटॉप आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ यांच्यावर चढत नाही, म्हणून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. आता समितीतले काका अडून बसलेत की पासवर्ड ठेवाच. पासवर्ड कुठे आहे? कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. कुलपालाच किल्ली लटकवायची तर कुलूप कशाला? सरळ ऑटो-लॉगिन करा, मशीन चालू होताच पासवर्ड न विचारता खातं उघडेल. सुडोचा, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करायचा, पासवर्ड माझ्याकडेच आहे.

सातपूरकर: सुडो घेऊन काय करता? तुमचं मिंट चोरायला कोणी येत नाहीये. आधीच्या मुलीचा जातीचा दाखला डाउनलोड्समध्ये पडलाय, ईमेल उघडंच आहे, त्याचं काय?

गोदाकाठ: ते पासवर्ड ठेवूनही होतंच की! खातं एक, पासवर्ड एक.

सातपूरकर: बरं, तेवढं मान्य. पण ऑटो-लॉगिन केलंत की क्रोम कीरिंगचा, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा, पासवर्ड मागत बसेल. एरवी लॉगिनला टाकलेल्या पासवर्डानेच कीरिंग उघडतो. तो टाकलाच नाही तर उघडणार कसा? मग लोक वैतागून कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवतात आणि साठवलेलं सगळं उघड्यावर.

गोदाकाठ: क्रोम आहे कुठे? मिंटबरोबर आलेला फायरफॉक्स वापरतो. तो कीरिंगच्या वाटेला जात नाही.

सातपूरकर: मग तर आनंदच! प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांवरचं फायरफॉक्सचं स्वतःचं कुलूप) लावला नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करा, पासवर्ड समोर.

कॉलेजरोडची ताई: अहो, दोघंही एकाच खात्यात अडकलात. मिंटच्या सेटिंगमधलं 'लॉगिन विंडो' उघडा, 'युजर्स'मध्ये गेस्ट सेशन, म्हणजे पाहुण्याचं तात्पुरतं खातं, चालू करा. लॉगआउट केलं की त्या माणसाचा होम फोल्डर साफ.

गोदाकाठ: आणि मध्येच लाईट गेली तर फॉर्मची पीडीएफही साफ! यूपीएस एकाच मशीनला आहे. शिवाय मराठी कीबोर्ड दर वेळी नव्याने लावायचा?

कॉलेजरोडची ताई: गेस्टसाठी नमुन्याचा फोल्डर ठेवता येतो, त्यात कीबोर्डची सेटिंग टाकून द्या. आणि पोरांना पेनड्राइव्ह आणायला सांगा. परक्याचं आधार कार्ड तुमच्या डिस्कवर राहण्यापेक्षा पीडीएफ गेलेली परवडली.

मखमलाबाद नाका: मी काकांच्या बाजूने. पासवर्ड असला की माणूस टेबलाशी येऊन विचारतो, रजिस्टरमध्ये नाव लिहितो. तो कागद तेवढा फाडा. फक्त लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. आमच्या दुकानात देवनागरीवर राहिला की नुसती टिंबं उमटतात, पासवर्ड चुकीचा म्हणतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं मशीन बिघडलं.

गोदाकाठ: रात्री साडेनऊला टेबलाशी असतं कोण? ताई, रविवारी यूपीएसवाल्या मशीनवर गेस्ट लावून बघतो. बाकीच्यांवर ऑटो-लॉगिनच राहणार.

सातपूरकर: मग निदान फायरफॉक्स बंद करताना कुकीज पुसायची खूण करा, आणि पासवर्ड साठवू का विचारतो तेही बंद करा.