एकाच स्कॅनमधून टी१, टी२ आणि फ्लेअर प्रतिमा मिळू शकतात का?

प्रश्न (फोंडा):
गेल्या महिन्यात आईच्या मेंदूचा एमआरआय झाला. पाठीच्या दुखण्यामुळे तिला अर्धा तास उताणे पडून राहणे फार जड गेले आणि हालचालीमुळे दोन सिक्वेन्स (एका प्रकारच्या प्रतिमेसाठी होणारी सलग मोजणी) पुन्हा घ्यावे लागले. प्रत्येक प्रकारच्या प्रतिमेसाठी निराळा सिक्वेन्स लागतोच का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (म्हापसा, एमआरआय तंत्रज्ञ):
आम्ही यंत्रावर मुख्यतः दोन अवधी ठरवतो : एका पल्सपासून (रेडिओलहरींच्या ठोक्यापासून) पुढच्या पल्सपर्यंतचा टीआर आणि पल्सपासून सिग्नल टिपण्यापर्यंतचा टीई. दोन्ही कमी ठेवल्यास टी१ प्रतिमा मिळते व तिच्यात मेंदूभोवतीचे पाणी काळे दिसते; दोन्ही वाढवल्यास टी२ मिळते आणि तेच पाणी पांढरे होते. टीआर मोठा ठेवून दोन एको (पल्सनंतर शरीराकडून परत येणारे सिग्नल) टिपले, तर पहिल्यातून प्रोटॉन डेन्सिटी (हायड्रोजनच्या प्रोटॉनांची दाटी दाखवणारी) आणि दुसऱ्यातून टी२ अशा दोन प्रतिमा एकाच सिक्वेन्समध्ये निघतात. पोटाच्या तपासणीत १९८४ साली मांडलेली डिक्सन पद्धत याहून पुढे जाते, कारण पाणी आणि चरबी यांचे सिग्नल १.५ टेस्लाच्या (चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावर सुमारे २.३ मिलिसेकंदांना परस्परविरुद्ध आणि ४.६ मिलिसेकंदांना एकत्र येत असल्याने, या दोन एकोंच्या बेरीज-वजाबाकीतून केवळ पाण्याची आणि केवळ चरबीची प्रतिमाही हाती येते.

उत्तर (पणजी, रेडिओलॉजीची विद्यार्थिनी):
आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे उत्तर सिंथेटिक एमआरआय हे आहे. त्यात प्रत्येक बिंदूचे टी१, टी२ (पल्सनंतर ऊती पूर्ववत होण्याचे दोन कालावधी) आणि प्रोटॉन डेन्सिटी ही मूल्येच सुमारे सहा मिनिटांत मोजली जातात आणि हवी ती प्रतिमा नंतर गणिताने तयार होते. मात्र गणिताने तयार केलेल्या फ्लेअरमध्ये (टी२सारखी, पण मेंदूभोवतीचे पाणी काळे केलेली प्रतिमा) मेंदू आणि पाणी यांच्या सीमेवर खोटी पांढरी रेघ उमटते व ती आजारासारखी भासू शकते. म्हणून फ्लेअर स्वतंत्रपणे घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. त्या सहा मिनिटांत आई हलली तर काय होईल?

उत्तर (म्हापसा):
सर्व प्रतिमा एकाच मोजणीतून येत असल्याने त्या सगळ्याच एकदम बिघडू शकतात. वेगवेगळ्या सिक्वेन्समध्ये निदान बिघडलेला तेवढाच पुन्हा घेता येतो. त्यामुळे पाठ दुखणाऱ्या रुग्णाच्या गुडघ्यांखाली आम्ही उशी देतो आणि निदानासाठी सर्वांत गरजेचा सिक्वेन्स आधी उरकतो. पुढील वेळी आईंच्या पाठीविषयी तपासणीपूर्वीच सांगून ठेवावे.