घारींच्या गिरक्या
पंजात पंजे अडकवून गरगरत खाली येणाऱ्या दोन घारी म्हणजे हवेतलं मीलन, असं घारींवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. मीलन फांदीवर बसूनच होतं. या गिरक्या बहुधा घरट्याच्या हद्दीवरून किंवा पळवलेल्या घासावरून. मुंबईत ससून डॉकला, मासळी उतरते त्या बंदरावर, सकाळी उभं राहा, मासळीच्या एका तुकड्यामागे चार-चार घारी दिसतील.

घारीशी भिडणाऱ्या शिक्र्याचा, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याचा, उल्लेख मात्र चर्चेत कुणीच केला नाही. गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षावर त्याचं घरटं होतं. जेमतेम कबुतराएवढा जीव, पण घार जवळून गेली की थेट तिच्या पाठीवर झेपावायचा. ती उडता उडता उलटी होऊन पंजे दाखवायची, तरी माघार तिचीच. आणि या शूरवीराला पिटाळायचे कोण, तर कावळे!