शब्द हवा: ईईजीतल्या 'आर्टिफॅक्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

निळावंती: मी कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतेय, विषय म्हातारपणातली स्मरणशक्ती. सहभागी बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणून माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. ईईजी म्हणजे डोक्यावर सेन्सरची टोपी घालून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणं; पापणी लवली किंवा दात आवळले की त्या रेकॉर्डिंगमध्ये मोठी लाट उठते, ती आर्टिफॅक्ट. मी 'दोष' लिहिलं होतं, तर एका काकूंनी टोपी घालायच्या आधीच विचारलं, "माझ्या मेंदूत दोष निघालाय का गं?" पुरातत्त्ववाल्यांची 'पुरावस्तू' इथे चालणार नाही. सुचवा काहीतरी.

गवतफूल: सरळ 'खरखर' लिही. रेडिओ ऐकलेली पिढी आहे, लगेच कळेल.

निळावंती: खरखर नॉइजला ठीक आहे. पापणीच्या लाटेला ठरावीक आकार असतो, आणि मेंदूचा सिग्नल काही दहा मायक्रोव्होल्टचा तर ही शंभरच्याही वर जाते, कारण बुबुळाची बाजू आतल्या पडद्यापेक्षा धनभारित असते आणि पापणी तिच्यावरून सरकते. पुढे आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी गणिती पद्धत) लावून ती वेगळी काढता येते, खरखरीचं तसं नसतं.

तर्कट: 'कृतक' घ्या. 'शब्दः अनित्यः कृतकत्वात्' हे न्यायदर्शनातलं अनुमान आठवा, कृतक म्हणजे केलेलं, निर्माण झालेलं. लॅटिन 'फाक्तुम'सुद्धा केलेलंच. मराठीत कृतक कोप चालतो तर कृतक लहर का नको?

गवतफूल: अहो पण काकूंना कळायला हवं ना! संमतीपत्र समजलंच नाही तर त्या सहीला काय अर्थ.

तर्कट: वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही. 'महापौर', 'दिनांक' सावरकरांनी दिले तेव्हा तेही नवेच होते.

गवतफूल: रुळेपर्यंत तिचा अभ्यास थांबवायचा का?

डोंगरवाट: मला 'सहभागी'च खटकतंय, स्पर्धेतले वाटतात. आम्ही बीएला सायकॉलॉजीच्या जर्नलात 'प्रयुक्त' लिहायचो. चांगला रुळलेला शब्द आहे.

निळावंती: प्रयुक्त मुळीच नको, माणसाला वापरून घेतल्यासारखं वाटतं. इंग्रजीतसुद्धा सब्जेक्ट मागे पडून पार्टिसिपंट आलं ते यासाठीच.

डोंगरवाट: वापरून घेणं कुठून आलं? युज् धातू आहे, जोडणे. प्रयोगाशी जोडलेला तो प्रयुक्त, यात अपमान नाही.

तर्कट: डोंगरवाट यांच्याशी सहमत.

गवतफूल: धातू घरी ठेवा हो, ऐकणाऱ्याला काय वाटतं ते बघा. 'तुमच्यावर प्रयोग' एवढं कानावर पडलं तरी आमच्याकडची माणसं उठून जातात.

डोंगरवाट: मग 'प्रयोग' शब्दच काढणार का? नाटकाचाही प्रयोगच असतो, तिथून कोण उठून जातं?