मदत हवी आहे : मोहरमचा रोजा आणि दुखवटा, एकाच दिवशी कसा?

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या कडेगावजवळ. मोहरमच्या उंच ताबुतांच्या भेटी लहानपणापासून बघितल्यात. आजी पंजाला (मोहरममध्ये बसवतात ते हाताच्या आकाराचं निशाण) मलिदा न्यायची, घरी चोंगे (नक्षीच्या गोड पोळ्या) व्हायचे. (चोंग्यांवरची ती नक्षी मला आजतागायत जमलेली नाही.) पण अर्थ कधी कुणाला विचारलाच नाही.

आता पुण्यात शेजारच्या खाला मोहरम महिन्याच्या नवव्या-दहाव्या दिवशी रोजा धरतात. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, हजरत मूसा पैगंबरांची फिरऔनपासून (इजिप्तच्या जुलमी राजापासून) सुटका झाली, त्याचा हा शुक्राना. रमजानचे रोजे फर्ज झाल्यावर हा ऐच्छिक राहिला. ऑफिसातला शिया मित्र मात्र दहाव्या दिवशी रोजा धरत नाही. इ.स. 680 मध्ये करबल्यात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन तहानलेले शहीद झाले, म्हणून दुखवट्यात तो दुपारपर्यंत नुसतं अन्नपाणी टाळतो. त्याला ‘फाका’ म्हणतात म्हणे.

जाणकारांनी सांगा, फाका आणि रोजा यांत नेमका फरक काय? दोघांशी त्या दिवशी बोलायचं काय? ‘शुभेच्छा’ तर नकोच ना? आणि खालांकडे रोजा सोडायला खजूर नेले तर चालतील की घरचे चोंगे न्यावेत, वाकडेतिकडे का होईना?